ओटीपी हिच्या फोनवर येतो

आमची ही लेकीच्या बाळंतपणाला गेली तेव्हा निघता निघता दारात उभं राहून तिने मला बजावलं, की प्राप्तिकराचं विवरणपत्र मुदतीच्या आत भरा आणि फोनवर निळ्या अक्षरांत काही आलं तर त्याला बोट लावू नका. मी म्हणालो, लहान आहे का मी. ती म्हणाली, लहान असतात तर बरोबर घेऊन गेले असते.

एवढं बोलून ती टॅक्सीत बसली. वळणावर तिने मागे बघितलं असावं, पण टॅक्सीच्या काचा काळ्या होत्या, त्यामुळे नक्की सांगता येत नाही. मी हात हलवत राहिलो. समोरच्या इस्त्रीवाल्याला वाटलं त्यालाच हात केला, म्हणून त्याने उलट हात केला आणि संध्याकाळी कपडे न्यायला घरी आला.

विवरणपत्र आजवर कधीच मी भरलेलं नव्हतं. ते खातं हिचं. ही एका मालवाहतूक कंपनीत हिशेब बघायची; आकडे तिच्यासमोर सरळ उभे राहतात. मी छापखान्यातला मुद्रितशोधक. दुसऱ्यांनी लिहिलेल्या वाक्यांतल्या चुका काढण्यात माझी हयात गेली, आणि त्यामुळे माझी एक ठाम समजूत झाली होती, की जो माणूस ऱ्हस्वदीर्घ सांभाळतो तो लबाड असू शकत नाही. लुटारूंचे निरोप ओळखायला याच्याइतकी सोपी कसोटी नाही, असं मी सोसायटीत चारचौघांना सांगितलंही होतं.

ही गेल्यावर पहिल्याच आठवड्यात मला दोन निरोप आले. पहिला असा: 'तुमचे विवरण पत्र भरन्याची शेवट ची तारिख जवळ आलि आहे.' एका ओळीत पाच चुका. मी तो तिरस्काराने पुसून टाकला. दुसरा असा: 'माननीय करदाते, आपल्या परताव्याची रक्कम पडताळणीअभावी प्रलंबित आहे. कृपया खालील दुव्यावर माहिती भरावी.' पडताळणीअभावी, एकत्र. दुव्यावर, जोडून. शेवटी पूर्णविराम. इतकं स्वच्छ मराठी मी निवृत्तीनंतर प्रथमच वाचत होतो. मला अगदी भरून आलं. अजून कुणीतरी नीट लिहितंय, या आनंदात मी त्या निळ्या अक्षरांवर बोट ठेवलं आणि करक्रमांक, जन्मतारीख, आईचं माहेरचं नाव असं सगळं व्यवस्थित भरून दिलं.

यातला पहिला निरोप खात्याचा होता आणि दुसरा चोरांचा, हे पुढे कळलं. खात्याने एखादा मुद्रितशोधक नेमला असता तर माझ्यावर ही वेळ आली नसती, असं मला आजही वाटतं.

शेवटी चोरांनी ओटीपी मागितला. इथे एक घरगुती गोष्ट सांगायला हवी. आमच्या घरातल्या सगळ्या खात्यांना हिचा फोन नंबर जोडलेला आहे. निवृत्त झालो तेव्हा मी फोनच वापरणार नाही, असं जाहीर केलं होतं. ते माझं व्रत मोडेपर्यंत बँक, वीज, विमा, प्राप्तिकर, सगळीकडे हिचा नंबर लागून गेला. त्यामुळे मी इथे कुठलंही बटण दाबलं, की ओटीपी तिकडे दूरच्या शहरात, लेकीच्या स्वयंपाकघरात, हिच्या फोनवर टिणटिणतो.

मी हिला फोन लावला आणि सहज विचारल्यासारखं करून ओटीपी मागितला. तिने कशाला हवाय ते विचारलं. मी सांगितलं. त्यानंतर ओटीपी सोडून बाकी सगळं तिने मला ऐकवलं. आपण स्वतः उघडलेल्या पानाशिवाय कुठेही काही भरायचं नाही, दुसऱ्याने पाठवलेल्या वाटेने जायचंच नाही, पत्ता स्वतःच्या हाताने टाइप करायचा, ओटीपी मागणारा चोरच समजायचा. मी म्हणालो, मग आत्ता मीच मागतोय. ती म्हणाली, म्हणूनच देत नाही.

मग तिने हुकूम सोडला, की बसल्या बैठकीत सगळ्या खात्यांचे पासवर्ड बदला. आणि इथून, खरं सांगायचं तर, माझे बरे दिवस सुरू झाले.

कारण पासवर्ड बदलायला ओटीपी लागतो. ओटीपीसाठी हिला फोन करावा लागतो. आम्ही काही कारणाशिवाय एकमेकांना फोन करणाऱ्यांतले नाही. आमच्या लग्नात, संसारात, भांडणातसुद्धा, काहीतरी काम असल्याशिवाय बोलणं सुरू झालेलं मला आठवत नाही. ती नुसती पोचल्याचा फोन करून मोकळी झाली होती, आणि मी घरात फ्रिजचा आवाज ऐकत बसलो होतो. फ्रिज आमच्याकडे इतकी वर्षं आहे, पण तो मधूनच उसासा टाकून गप्प होतो, हे मला ही गेल्यावर कळलं.

आता मात्र रोज काम होतं. सकाळी बँकेचा पासवर्ड. दुपारी विम्याचा. ती आकडे सांगायची, मी ते लिहून घ्यायचो, आणि आकड्यांच्या आगेमागे थोडं थोडं बोलणं व्हायचं. बाळ रात्री झोपत नाही. लेक चिडचिडी झालीये. तुम्ही जेवलात का. भाजी संपवलीत की अजून तीच चाललीये. ओटीपीची मुदत संपायची आणि मला पुन्हा मागवावा लागायचा. तेव्हा ती म्हणायची, तुमचं लक्ष कुठे असतं. ते कुठे असतं हे सांगण्यासारखं नव्हतं.

खरी खाती लवकरच संपली. मग मी वाचनालयाचा पासवर्ड बदलला. त्यानंतर चष्मेवाल्याच्या दुकानाचा. एकदा विजेच्या बिलाचा ओटीपी सांगताना ती थांबली आणि म्हणाली, की याचा पासवर्ड तुम्ही तिसऱ्यांदा बदलताय. मी म्हणालो, सुरक्षितता. ती हं म्हणाली आणि आकडे अगदी सावकाश, एकेक करून सांगितले.

माझ्या या मोहिमेचा सोसायटीत बोभाटा झाला तो वरच्या मजल्यावरच्या सावधानरावांमुळे. हे निवृत्त विमा एजंट. नाव वेगळं आहे, पण प्रत्येक वाक्य 'सावध राहा' ने सुरू करतात म्हणून सगळे त्यांना सावधानरावच म्हणतात. आयुष्यभर लोकांना मरणाची भीती घातली, निवृत्तीनंतर ते काम सुटल्याने फसवणुकीची घालतात. ते जिन्यात गाठायचे. त्यांनी सांगितलं, की आता चोर आवाजसुद्धा हुबेहूब काढतात. मुलाचा, बायकोचा, कुणाचाही. सुरुवात ठरलेली: माझा फोन बिघडला, हा नवा नंबर आहे. पुढे गोड बोलणं. माणूस ज्या शब्दांसाठी आसुसलेला असतो नेमके तेच शब्द ते बोलतात, आणि तिथेच तो विरघळतो. मी म्हणालो, मी कशासाठीही आसुसलेला नाही. सावधानराव माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, सावध राहा.

पासवर्डांच्या या धामधुमीत विवरणपत्र राहूनच गेलं होतं. एका सकाळी, पत्ता स्वतःच्या हाताने टाइप करून, मी खात्याच्या पानावर गेलो. तर तिथे लिहिलेलं, की आपलं या वर्षीचं विवरणपत्र भरलं गेलं आहे. मला आधी वाटलं हिनेच तिकडून भरलं. पण हिला विचारलं तर ती एकदम गंभीर झाली आणि म्हणाली, आहात तसे उठा आणि कार्यालयात जा.

प्राप्तिकर कार्यालयाच्या ज्या खिडकीवर मला पाठवलं तिथे एक सडपातळ अधिकारी बसले होते. त्यांनी माझा क्रमांक घातला, पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा पडद्याकडे.

"तुमचं ब्युटी पार्लर आहे?" त्यांनी विचारलं.

माझ्या मागच्या रांगेतलं बोलणं थांबलं. मी छापखान्यातून निवृत्त झाल्याचं सांगितलं. अधिकारी म्हणाले, की नोंदीप्रमाणे मी गेल्या वर्षी ब्युटी पार्लर चालवलं, त्यात सडकून तोटा खाल्ला आणि आता सरकारकडे भलामोठा परतावा मागतोय. हे सांगताना त्यांची नजर माझ्या टकलावर स्थिर होती. जणू तोट्याचं कारण त्यांना समोर दिसत होतं. मागून एक बाई हळूच म्हणाल्या, की धंदा करणं सगळ्यांना जमत नाही. त्यांच्या आवाजात सहानुभूती होती, आणि तीच मला जास्त लागली.

चोर शहाणा होता, पण माझ्या बँकेत शिरायला त्याला ओटीपी मिळाला नव्हता, म्हणून परतावा वाटेतच अडकला होता. ही हट्टाला पेटली नसती तर माझ्या नावाने कुणीतरी तो घेऊन पसार झालं असतं आणि वसुलीची नोटीस मला आली असती. अधिकारी भले होते. खोटं विवरणपत्र रद्द करायचा अर्ज त्यांनी घेतला, आणि यापुढे माझ्या नावाने कुणी काही भरू नये म्हणून एक संरक्षण क्रमांक घ्यायला सांगितला. तो क्रमांक घातल्याशिवाय विवरणपत्र पुढे सरकतच नाही. मी म्हणालो, द्या. ते म्हणाले, की त्यासाठी आधी ओटीपी येईल, आणि त्याच्याआधी हा नंबर बदलून तुमचा स्वतःचा घालून देतो, म्हणजे दर वेळी घरी विचारत बसायला नको.

त्यांनी बोटं कळफलकावर ठेवलीसुद्धा.

"नको," मी म्हणालो. "तिचाच राहू द्या."

ते म्हणाले, तुमच्याच सोयीचं आहे. मी म्हणालो, सोय नको. त्यांनी क्षणभर थांबून बोटं उचलली आणि ओटीपी पाठवला.

मी खिडकीसमोरूनच हिला फोन लावला. खूप वेळ वाजला. रांग माझ्या पाठीवर चढत होती. मग उचलला गेला, हिचा घाईघाईतला आवाज आला, की बाळाला आंघोळ घालतेय, थांबा, हात ओले आहेत. मी म्हणालो, मुदत संपेल. त्यावर एक विचित्र आवाज आला, बुडबुड्यासारखा, आणि फोन बंद झाला.

मी पुन्हा लावला. फोन बंद. पुन्हा. बंद. अधिकाऱ्यांनी पुढच्या माणसाला बोलावलं.

त्यानंतर हिचा फोन लागेना. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. लेकीला फोन करावा असं दर तासाला वाटायचं, पण ती ओली बाळंतीण, बाळ झोपलेलं असेल, आणि नुसतं 'आई कुठे आहे' असं विचारायचं म्हणजे म्हातारा एकटा राहू शकत नाही हे कबूल केल्यासारखं. काही वाईट झालं असतं तर तिनेच कळवलं असतं, अशी मी स्वतःची समजूत घालत होतो. शिवाय जावई परगावी गेलेले. मग मी फोन हातात घेऊन गॅलरीत उभा राहायचो. आमच्या गॅलरीत हिने लावलेल्या कुंड्या आहेत. ती असताना मी त्यांना पाणी घातलं तर ती म्हणायची, बुडवाल त्यांना. आता मी हवं तेवढं पाणी घालू शकत होतो आणि कुणी काही बोलत नव्हतं. एक कुंडी खरोखरच बुडाली. तरी कुणी काही बोललं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी एका अनोळखी नंबरावरून फोन आला.

"अहो, मी बोलतेय."

आवाज हुबेहूब हिचा. मी सावध झालो. "कोण मी?"

"मी म्हणजे मी. फोन टबात पडला हो माझा. दुरुस्तच होईना. हा नवा नंबर आहे."

सावधानरावांनी सांगितलेली सुरुवात, शब्दशः. मी शांतपणे विचारलं, की आपली मागणी काय आहे. ती बाई म्हणाली, मागणी कसली, जेवलात का. हा खास आमच्या घरातला प्रश्न. त्यांनी अभ्यास चांगला केला होता. मी उत्तर दिलं नाही. जेवणाची माहितीसुद्धा माहितीच.

मग तो आवाज बदलला. खाली आला, हळू झाला.

"अहो, ऐकताय ना? चार दिवस तुमचा आवाज नाही. मला इथे करमत नाही तुमच्याशिवाय."

मी फोन कट केला.

इतक्या वर्षांत हिने मला असलं वाक्य कधी ऐकवलेलं नाही. ती स्वेटर घाला म्हणते. गॅस बघितलात का म्हणते. एकदा मी हॉस्पिटलात होतो तेव्हा रात्रभर उशाशी बसून सकाळी म्हणाली, की इथला चहा बरा आहे. त्या बाईने मला झापलं असतं, बँकेचा पासवर्ड काय करून ठेवलात म्हणून खडसावलं असतं, तर मी डोळे मिटून विश्वास ठेवला असता. पण हे वाक्य. या भामट्यांना ते कुठून सापडलं, कुणी सांगितलं त्यांना, याच विचाराने मला संताप आला. आणि संतापाच्या मागे आणखी काहीतरी होतं, ज्यामुळे तो आवाज पुन्हा पुन्हा कानात येत होता आणि मी येऊ देत होतो.

सावधानराव जिन्यात भेटले. त्यांनी माझी पाठ थोपटली आणि तडक पोलिसांच्या सायबर कक्षात जायला सांगितलं.

तिथे तक्रार लिहून घ्यायला एक महिला हवालदार होत्या, नाकावर घसरणारा चष्मा आणि समोर थंड झालेला चहा. बाकावर आणखी पाचसहा फसलेली माणसं बसली होती. बाईंनी विचारलं, पैसे गेले का. नाही. माहिती मागितली का. जेवलात का एवढंच विचारलं. धमकी दिली का. नाही. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, मग आरोपी बोलली तरी काय.

मी इकडेतिकडे बघितलं. बाकावरची सगळी मंडळी आपापली दुःखं बाजूला ठेवून माझ्याकडे बघत होती. मी हळू आवाजात वाक्य सांगितलं. बाई म्हणाल्या, मोठ्याने सांगा. मी मोठ्याने सांगितलं. त्या लिहू लागल्या, आणि मला छापखान्यामुळे उलट्या बाजूने वाचायची सवय असल्याने दिसलं, की त्यांनी 'तुमच्या' लिहून मोकळी जागा सोडली आणि मग 'शिवाय' लिहिलं.

"तुमच्याशिवाय हा एकच शब्द आहे," मी म्हणालो. "तो तोडू नका."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. कागदाकडे पाहिलं. शब्द खोडून नीट जोडून लिहिला. मग पेन बंद करून विचारलं, की काका, काकू सध्या आहेत कुठे. मी सांगितलं. मुलीला विचारलंत का. मी नाही म्हणालो. त्यांनी मला माझ्याच फोनमधला, मी स्वतः जपून ठेवलेला मुलीचा नंबर लावायला सांगितला. आलेल्या नंबराला नाही, आपल्याकडच्या नंबराला लावायचा, एवढंच त्या म्हणाल्या.

मी तिथेच लावला. लेकीने पहिल्याच घंटेला उचलला.

"बाबा, तुम्ही आईचा फोन का कट केलात?" ती म्हणाली. "मी माझा फोन देत होते तर नको म्हणाली, ह्यांच्या ऑफिसचा जुना फोन मुद्दाम चालू करून घेतला. तेव्हापासून खोलीत बसलीये. कुणाशी बोलत नाहीये."

बाईंनी माझ्या तक्रारीच्या कागदावर एक तिरकी रेघ मारली आणि तो फाडण्याऐवजी घडी घालून मला दिला. बाकावरचे एक गृहस्थ म्हणाले, की आमचे पैसे तर खरेच गेले हो.

घरी आलो. ऊन गॅलरीतून आत आलेलं होतं. मी खुर्चीवर बसलो आणि काय बोलायचं ते मनात जुळवायला लागलो. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त केली, आणि स्वतःचं म्हणावं असं एक वाक्य माझ्याकडे तयार नाही. जे जुळवलं त्यात मलाच चुका दिसत होत्या. शेवटी काहीच न ठरवता नंबर लावला.

"बोला," ही म्हणाली. आवाज कोरडा. "माझा नंबर अजून सुरू झालेला नाही. ओटीपी येणार नाही."

"ओटीपी नकोय."

"मग?"

"दुपारी तू काहीतरी म्हणालीस. मला नीट ऐकू आलं नाही."

"नीट ऐकू आलं तुम्हाला. तीच तर पंचाईत झाली."

तिकडे बाळ कुरकुरत होतं, कुणीतरी त्याला थोपटत होतं. मला वाटलं ती आता फोन ठेवील, आणि ते वाक्य पुन्हा कधी ऐकायला मिळणार नाही. इतक्या वर्षांनी एकदा आलं आणि मी ते परत पाठवलं.

"मलाही," मी म्हणालो.

"मलाही काय?"

"तेच."

मग ती म्हणाली, की जावयांचं परगावचं काम लांबलंय, बाळाला बघायला दुसरं कुणी नाही, ठरल्यापेक्षा आणखी महिनाभर तरी राहावं लागेल. मी म्हणालो, राहा. बाळाला सांभाळ. आवाज ठीक ठेवायचा मी प्रयत्न केला. ती म्हणाली, गॅलरीतल्या झाडांना फार पाणी घालू नका. मी म्हणालो, नाही घालत.

आता बोलायचं संपलं होतं. दोघांनाही ते कळत होतं, आणि फोन कुणीच ठेवत नव्हतं.

"मला कपडे घडी करायचेत," ती म्हणाली. "बाळाचे ढीगभर आहेत. फोन इथेच ठेवते पलंगावर. तुम्ही ठेवू नका."

मी ठेवला नाही. तिकडे कपडे झटकल्याचा आवाज आला, मग हाताने सरळ केल्याचा, मग पुन्हा झटकल्याचा. मध्येच ती लेकीला काहीतरी म्हणाली, लेक हसली. मी फोन कानाला लावून खुर्चीत तसाच बसून राहिलो. ऊन भिंतीवर चढत चढत छतापर्यंत गेलं. एकदा खूप वेळ काहीच ऐकू आलं नाही, आणि मग लांबून तिचा आवाज आला.

"आहात ना?"

"आहे," मी म्हणालो.